जुनी जीप : दुरुस्ती कोठवर, फेरबदल कोठून?

मृग नक्षत्रापूर्वीचे पंधरा दिवस हे डोंगराळ भागातील गॅरेजवाल्यांच्या धांदलीचे दिवस असतात. तालुक्याच्या गावाबाहेर, एखाद्या चिंचेच्या झाडाखाली, बॉनेट उघडून ठेवलेल्या दोन-तीन जुन्या जीपगाड्या हटकून उभ्या दिसतात. एकीचा पाटा तुटलेला असतो, दुसरीचा गिअर चढावर निसटतो, तिसरीचे ब्रेक दोनदा पाय मारल्याखेरीज लागत नाहीत. मालकाची निकड मात्र एकच असते : पाऊस लागण्यापूर्वी गाडी तयार हवी. पक्की सडक जेथे संपते तेथून वस्तीपर्यंतचे चार-सहा किलोमीटर चिखलाचे, चढाचे आणि ओढ्याचे असतात. त्या टप्प्यावर बियाण्यांची पोती, आजारी माणूस, प्रसूतीसाठी निघालेली स्त्री, या साऱ्यांना ओढून नेणारे वाहन म्हणून ही जुनी गाडीच गावाच्या उपयोगी पडते.

अशा वेळी गॅरेजमध्ये दोन निरनिराळ्या प्रकारची कामे एकाच दमात सांगितली जातात. ‘ब्रेक नीट करा’ हे एक काम. ‘जमलेच तर मोठे टायर बसवा, डिझेल इंजिन टाका, गाडी जरा उंच करा’ हे दुसरे. पहिल्या प्रकारात गाडी जशी होती तशी पूर्ववत होते. दुसऱ्या प्रकारात गाडी जशी कधीच नव्हती तशी केली जाते. पहिली दुरुस्ती होय, दुसरा फेरबदल होय. या दोहोंतील भेद स्पष्ट न राहिल्यामुळे पैसा चुकीच्या ठिकाणी खर्च होतो, आणि कित्येकदा जीवही धोक्यात येतो. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय अधिकारी यांना या गाड्यांतून प्रवास करावा लागतो आणि गावकरी त्यांचा सल्लाही विचारतात. म्हणून हा विषय केवळ कारागिरांचा मानून चालणार नाही.

विकासकार्याची जुनी सोबतीण

जीप ही दुसऱ्या महायुद्धाची निर्मिती. १९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यानंतर या गाडीला शेतीच्या व दळणवळणाच्या कामाला जुंपण्याचे प्रयत्न सुरू झाले. भारतात १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील माझगाव येथे विलिस जीपच्या जोडणीचे काम हाती घेतले. पुढे सीजे-३बी हा उंच बॉनेटचा नमुना देशभर परिचित झाला. मूळ अमेरिकेत त्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र त्याची वंशावळ त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिली.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रमाचा प्रारंभ झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यान्वित झाल्या. गटविकास अधिकाऱ्याची जीप, आरोग्य पथकाची जीप आणि निवडणुकीच्या दिवशी मतपेट्या घेऊन जाणारी जीप ही ग्रामीण महाराष्ट्राच्या एका पिढीची आठवण आहे. धुरळा उडवीत येणाऱ्या गाडीवरून ‘सरकार’ आल्याची वर्दी मिळे, असा तो काळ होता.

शासकीय सेवेतील तो अध्याय आता संपला आहे. केंद्र व राज्य शासन, महानगरपालिका, नगरपालिका, पंचायती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून होत नाही. संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी वापरावयाच्या विशेष वाहनांचा तेवढा अपवाद आहे. अर्थात पंचायतीच्या आवारात जुनी जीप उभी असेल, तर तिच्या डागडुजीवर खर्च टाकण्याऐवजी नोंदणीकृत निष्कासन केंद्रामार्फत तिची विल्हेवाट लावणे हाच मार्ग उरतो. आज ज्या जुन्या जीपगाड्या धावतात त्या प्रामुख्याने शेतकरी, बागायतदार, छोटे व्यावसायिक आणि हौशी संग्राहक यांच्या आहेत. पुढील विवेचन त्यांच्यासंबंधी आहे.

यंत्राचे मर्म

दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी ही गाडी इतर मोटारींहून वेगळी कशी, हे समजून घेतले पाहिजे. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. ही पेटी शक्तीचे विभाजन करून ती पुढच्या व मागच्या अशा दोन्ही धुऱ्यांकडे पाठविते. तिच्यातच एक संथ गिअरही असतो.

सीजे-३बीमध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २.८, संथ गिअरचे २.४६ आणि धुऱ्यातील क्राउन-पिनियनचे ५.३८ असे असे. या तिहींचा गुणाकार सुमारे ३७ होतो. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा पूर्ण होतो. इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असता गाडी ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या चालीने पुढे सरकते. परंतु त्याच वेळी चाकावरील जोर कित्येक पटींनी वाढलेला असतो. खडकाळ चढ ही गाडी धापा न टाकता चढून जाते, याचे रहस्य इंजिनाच्या आकारात नाही. ते या दातेरी चक्रांच्या गुणाकारात आहे.

याच रचनेची एक मर्यादाही आहे. या गाडीत पुढच्या व मागच्या धुऱ्यांमधील वेगाचा फरक सामावून घेणारी यंत्रणा नसते. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांहून अधिक अंतर कापतात. चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी सडकेवर तसे होऊ शकत नाही. तेथे चारही चाकांची ओढ चालू ठेवल्यास शाफ्ट, क्रॉस आणि दाते यांवर पीळ पडतो, सुकाणू जड होते आणि अखेरीस कोठेतरी मोडतोड होते. ‘चार चाकांवर गाडी अधिक सुरक्षित’ या समजुतीने घाटातील कोरड्या सडकेवरही तो दांडा लावून ठेवणारे चालक आढळतात. हा दोष दुरुस्तीने जाणारा नव्हे; त्यासाठी चालकाचे शिक्षणच हवे.

आधी थांबणे, मग वळणे, मग धावणे

जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा क्रम लोकव्यवहारात बहुधा उलटा असतो. इंजिन गुरगुरू लागले की गाडी ‘झाली’ असे मानले जाते. वस्तुतः न धावणारी गाडी कोणाचा जीव घेत नाही. न थांबणारी गाडी घेते. म्हणून पहिला रुपया ब्रेकवर खर्च झाला पाहिजे.

सहा माणसे घेतलेल्या जीपचे एकूण वजन दीड टन धरले आणि ती तीनशे मीटर उंचीचा घाट उतरली, तर ती उंची गमावताना मोकळी होणारी ऊर्जा सुमारे तेरा लिटर थंड पाणी उकळीपर्यंत तापविण्याएवढी भरते. चालकाने गाडी हलक्या गिअरात ठेवली तर त्यातील बराच भाग इंजिन शोषून घेते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून केवळ ब्रेकवर उतरविली, तर जवळजवळ सारी उष्णता चार लहान ड्रममध्ये साठते. लायनर तापून गुळगुळीत होतात, ब्रेकचे तेल उकळू लागते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पाय फरशीपर्यंत जातो, पण गाडी थांबत नाही. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

जुन्या जीपच्या ब्रेकरचनेत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, मूळ मास्टर सिलेंडरमधून चारही चाकांना एकाच मार्गाने दाब जातो. एखादा जुना होज पाइप फुटला अथवा एका चाकाचा सिलेंडर गळू लागला, तर चारही चाकांचे ब्रेक एकदम निकामी होतात. दुसरी अशी की, अनेक जुन्या गाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी बसविलेला असतो. त्यामुळे मागचा शाफ्ट काढलेल्या गाडीला हातब्रेक उरतच नाही. शाफ्ट उतरविण्यापूर्वी चाकांना दगड नव्हे, तर नीट घडविलेल्या लाकडी उटी लावल्या पाहिजेत. गाडीखाली शिरताना ती केवळ जॅकवर कधीही ठेवू नये. लोखंडी घोडीचा आधार अनिवार्य समजावा.

ब्रेकची दुरुस्ती अर्धवट करू नये. सर्व रबरी वॉशर व होज पाइप एकाच वेळी बदलावेत, गंजलेल्या नळ्या नव्या घालाव्यात, तेल पूर्ण काढून ताजे भरावे आणि हवा काढताना चारही चाके क्रमाने घ्यावीत. ब्रेकच्या तेलाच्या जागी इंजिनाचे तेल घातल्यास रबर फुगून सारी यंत्रणा अडकते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ड्रममधील धूळ तोंडाने अथवा हवेच्या दाबाने उडविल्यास ती फुप्फुसात जाते आणि तिचे दुष्परिणाम पुष्कळ वर्षांनी प्रकट होतात. ती ओल्या फडक्याने पुसावी. गॅरेजमध्ये हाताखाली काम करणाऱ्या पोरांना ही गोष्ट कोणीतरी आवर्जून सांगण्याची गरज आहे.

ब्रेकनंतर सुकाणू. स्टिअरिंगचे चाक दोन्ही बाजूंना बोटभर हलूनही पुढची चाके जागची हलत नसतील, तर झीज कोठे आहे हे शोधले पाहिजे. स्टिअरिंग बॉक्स, सांध्यांतील गोळे, किंगपिनचे बेअरिंग आणि पाट्यांचे बुश ही चार ठिकाणे क्रमाने पाहावीत. पुष्कळदा स्टिअरिंग बॉक्सचा बोल्ट आवळून ‘प्ले’ काढल्याचे समाधान मानले जाते. त्यामुळे झिजलेला भाग झिजलेलाच राहतो आणि वळणानंतर चाक सरळ येण्यास अडू लागते.

चासी आणि पाटे

जीपचा सारा भार ज्या दोन लांब पोलादी तुळयांवर असतो, ती चासी म्हणजे गाडीचा कणा होय. पाटे जेथे जोडले जातात, स्टिअरिंग बॉक्स जेथे बसतो आणि आडवे सांधे जेथे येतात, त्या जागी चिखल साचून आतून गंज धरतो. वरून रंग चांगला दिसत असला तरी लहान हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर तेथील पत्रा पातळ झालेला असतो.

चासीला तडा गेला असता नुसती वेल्डिंगची रेघ ओढणे पुरेसे नाही. तड्याच्या टोकाला लहान भोक पाडून तो पुढे सरकणार नाही असे पाहावे, तडा भरून घ्यावा आणि बाहेरून टोकाकडे निमुळती होत जाणारी पट्टी जोडावी. चौकोनी पट्टीच्या सरळ कडेशी ताण एकवटतो आणि नवा तडा नेमका तेथेच पडतो. त्याचप्रमाणे नवे भोक पाडणे भाग असेल तर ते तुळईच्या उभ्या बाजूस, मध्यभागी पाडावे. वरच्या आणि खालच्या काठांवर सर्वाधिक ताण असल्यामुळे तेथे भोक पाडणे म्हणजे तुळई कमकुवत करणेच होय. वेल्डिंगपूर्वी बॅटरीचे तोंड सोडावे आणि पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर ठेवावी.

पाट्यांच्या बाबतीत ‘एक पाटा जादा टाका’ ही मागणी नेहमीची आहे. जादा पाट्याने गाडी बसत नाही हे खरे. तथापि ती उसळू लागते, चाक खडबडीत वाटेवर जमीन सोडते आणि पाट्यांनी झेलावयाचा धक्का चासीला झेलावा लागतो. धुरा, ब्रेक आणि चासी यांची क्षमता जुनीच असल्यामुळे जादा पाट्याने गाडीची भार वाहण्याची परवानगी वाढत नाही. वाढतो तो केवळ जादा भार घालण्याचा मोह.

ओढा ओलांडल्यानंतर

भामरागडच्या परिसरापासून सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यांपर्यंत, पावसाळ्यात पाण्यातून गाडी घालण्याचे प्रसंग येतात. वाहत्या पुराच्या पाण्यात कोणतेही वाहन घालू नये, हा नियम जीपलाही लागू आहे. उथळ ओढा ओलांडल्यानंतर मात्र काही कामे न चुकता करावयाची असतात. ओले ड्रम ब्रेक काही काळ धरत नाहीत. म्हणून गाडी सावकाश चालवीत ब्रेकवर हलका पाय ठेवून ते कोरडे करावेत. तापलेला धुरा थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी धुऱ्यातील, गिअरबॉक्समधील आणि ट्रान्स्फर केसमधील तेल तपासावे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून लगेच बदलावे. तेलाच्या एका डब्याचा खर्च वाचविण्यासाठी कित्येक क्राउन-पिनियन गंजून गेलेले आहेत.

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांपुढे आणखी एक नवा प्रश्न आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. जुन्या काळच्या रबरी नळ्या, पडदे आणि वॉशर हे अशा इंधनाचा विचार करून घडविलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात आणि गळू लागतात. इंजिनाच्या उष्णतेजवळ पेट्रोलची गळती म्हणजे आगीला निमंत्रण होय. इंधनाच्या मार्गातील रबरी भाग इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारचे घालणे, हा म्हणूनच आज अत्यावश्यक दुरुस्तीचा भाग ठरतो.

इंजिन बदलण्याचा मोह

मूळ सीजे-३बीचे चार सिलेंडरचे पेट्रोल इंजिन सुमारे २,२०० घन सेंटिमीटरचे असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाच्या किमती भडकल्या आणि पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेल इंजिन बसविण्याची लाट देशभर आली. पुढे कंपनीनेच डिझेल जीप बाजारात आणल्या. प्यूजोच्या परवान्याने तयार झालेले २,११२ घन सेंटिमीटरचे इंजिन त्यांत विशेष गाजले. परंतु कारखान्यात डिझेलसाठी रचलेली गाडी वेगळी आणि गॅरेजमध्ये डिझेल बसविलेली गाडी वेगळी.

याचे कारण हिशेबाने स्पष्ट होते. ६.००-१६ मापाच्या टायरचा एक फेरा सुमारे २.२ मीटर अंतर कापतो. क्राउन-पिनियन ५.३८ प्रमाणाचे असता, वरच्या गिअरात इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर गाडीचा वेग ताशी सुमारे ९८ किलोमीटर होतो. डिझेल इंजिन ३,००० फेऱ्यांपर्यंतच सुखाने चालणारे असेल तर हाच वेग ७४ वर येतो. ट्रॅक्टरच्या वळणाचे २,००० फेऱ्यांचे इंजिन असेल तर ४९ वर. वेग कमी पडतो म्हणून मग क्राउन-पिनियन बदलण्याचा विचार पुढे येतो. ते बदलावयाचे तर पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही धुऱ्यांचे बदलले पाहिजे. एकाच धुऱ्याचे बदलले, तर चार चाकांची ओढ लावताच दोन धुरे परस्परांविरुद्ध खेचू लागतील आणि ट्रान्स्फर केस फुटेल. शिवाय डिझेल इंजिन जड असल्यामुळे पुढचे पाटे दबतात, त्याच्या हादऱ्यांनी चासीवरील आधार तडकतात, आणि मूळ रेडिएटर व क्लच अपुरे पडतात.

एका फेरबदलाने अशी दुसऱ्या फेरबदलाची गरज निर्माण होते आणि दुसऱ्याने तिसऱ्याची. मालकाच्या हिशेबात मात्र पहिल्याचाच खर्च धरलेला असतो. म्हणून जुने इंजिन दुरुस्त होण्यासारखे असेल तर ते उघडून, बोअर व क्रँकची मापे घेऊन, नीट बांधून घेणे हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग होय. त्याच वंशातील गाड्यांचे सुटे भाग अद्याप बाजारात मिळतात. त्यांचा दर्जा मात्र सारखा नसतो, हे ध्यानात ठेवून खरेदी करावी.

मोठे टायर, उंच गाडी

उंच केलेली, रुंद टायरांची जीप रुबाबदार दिसते यात शंका नाही. परंतु टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढविला तर वेगदर्शक काटा ६० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ६६ च्या वेगाने धावत असते. त्याच ब्रेकने सडकेवर मिळणारा रोध सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. म्हणजे वेग वाढल्याचे कळत नाही आणि थांबण्याची शक्ती मात्र कमी होते.

उंचीचा परिणाम याहून गंभीर आहे. गाडी कलंडण्याची सीमा ही दोन चाकांमधील निम्मे अंतर आणि भाराच्या मध्यबिंदूची उंची यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. जुन्या जीपची दोन चाके एकमेकांपासून सुमारे १.२२ मीटर अंतरावर असतात. निम्मे अंतर ६१ सेंटिमीटर. भाराचा मध्यबिंदू जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे असे उदाहरणादाखल धरले आणि गाडी १० सेंटिमीटर उंच केली, तर कलंडण्याविरुद्धची तिची स्थिरता सुमारे तेरा टक्क्यांनी कमी होते. टपावर पोती व माणसे बसविली म्हणजे ती आणखी घटते. उंच केलेल्या गाडीत शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढून ते लवकर झिजतात आणि स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बिघडून खड्ड्यात चाक आपोआप वळू लागते. डोंगरउताराच्या अरुंद वाटेवर या साऱ्या गोष्टी एकदम एकत्र येतात.

सगळेच फेरबदल त्याज्य आहेत, असा मात्र याचा अर्थ नव्हे. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलेंडर, आसनपट्टे, वायरिंगमध्ये योग्य ठिकाणी फ्यूज यांसारखे बदल गाडीची मूळ मर्यादा ओलांडीत नाहीत. ते माणसाचे रक्षण करतात. कोणत्याही फेरबदलाला मालकाने हाच प्रश्न विचारावा : याने गाडी अधिक सुरक्षितपणे थांबते काय, की केवळ अधिक वेगाने किंवा अधिक भार घेऊन धावते?

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व अधोरेखित केले. इंजिन बदलावयाचे असेल तर नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता आधी घ्यावी लागते आणि बदलानंतर चौदा दिवसांच्या आत त्याची नोंद प्रमाणपत्रात करून घ्यावी लागते. २०१९ च्या सुधारणेने अनधिकृत फेरबदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलागणिक पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली आहे. पुढे लोखंडी कठडे बसविण्याविरुद्ध कारवाई करण्याबाबत केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळविले होते.

खासगी वाहनाची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. नोंदणीची मुदत संपलेल्या अथवा इंजिन क्रमांक न जुळणाऱ्या गाडीचा अपघात झाला, तर विम्याची भरपाई मिळण्यात अडचण येते आणि तो भार अखेर जखमींच्या कुटुंबांवर पडतो. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी स्वतंत्र नोंदणीची सोय केली आहे. तथापि चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे बदल झालेली गाडी त्या सोयीस पात्र ठरत नाही. आज हौसेने केलेला फेरबदल अशा रीतीने उद्याचा वारसाही गमावतो.

एक वही आणि एक तपासणी

या सर्व विवेचनाचा व्यवहारातील सारांश साधा आहे. प्रत्येक जुन्या गाडीची एक वही असावी. तीत कोणता भाग कधी बदलला, ब्रेकचे व धुऱ्याचे तेल कधी घातले, चासीला कोठे वेल्डिंग झाले, याच्या तारखांसह नोंदी असाव्यात. वहीमुळे कारागीर बदलला तरी गाडीचा इतिहास हरवत नाही. माध्यमिक शाळेतील विज्ञानाचे शिक्षक वर उल्लेखिलेले उष्णतेचे, गिअरचे आणि स्थिरतेचे हिशेब विद्यार्थ्यांकडून सहज करवून घेऊ शकतात. ज्या गाडीतून ती मुले बाजाराला जातात, तिच्याचवर पदार्थविज्ञानाचा धडा होईल.

ग्रामपंचायतीनेही मे महिन्याच्या अखेरीस गावातील अशा गाड्यांच्या मालकांना एकत्र बोलावून, जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकाच्या मदतीने ब्रेक, सुकाणू आणि चासी या तीन गोष्टींची तपासणी घडवून आणावी. त्यासाठी फारसा निधी लागत नाही. लागते ती केवळ एक सकाळ. रात्री अपरात्री रुग्णाला घेऊन घाट उतरणाऱ्या चालकाला गाडीच्या उंचीचा अथवा टायरच्या रुंदीचा काही उपयोग नसतो. त्याचा पाय ब्रेकवर पडला की गाडी थांबली पाहिजे. जुन्या जीपची दुरुस्ती तेथूनच सुरू व्हावयास हवी.